धुक्यावर पहारा

कंपनीच्या रोजच्या कॉलमध्ये माझी बोलायची पाळी आली की कोणीतरी हमखास म्हणायचं, "भाऊ, आधी गिरणी बंद करा." गिरणी म्हणजे माझ्या लॅपटॉपचा पंखा. तो इतका घोंगावायचा की माझ्या आवाजाआधी तोच पलीकडे ऐकू जायचा. सुरुवातीला मीही हसलो. एकजण म्हणाला, "लोणावळ्यात राहून लॅपटॉप तापतो? मग आम्ही चाकणवाल्यांनी काय बर्फात बसायचं?" त्यालाही हसलो. पुढे पुढे मी बोलण्यापुरताच माईक चालू करायला लागलो, वाक्य संपलं की बंद. दिवसभर असं बटणावर बोट ठेवून बोलायचं म्हणजे संध्याकाळी अंगात काही उरत नाही.

मी लोणावळ्याजवळच्या औंढ्याचा. घरची थोडी भातशेती आहे, ती वाट्याने दिलेली. मी नोकरी करतो नवलाख उंबऱ्याजवळच्या एका कारखान्यात, गाड्यांचे सुटे भाग बनतात तिथे. माझं काम नियोजनाचं: कोणत्या मशीनवर कोणता भाग किती काढायचा, पोलाद कुठवर पुरेल, ट्रक कधी भरायचा. आकडे बरोबर असले की हे काम कुठूनही करता येतं. म्हणून आठवड्यातले चार दिवस मी घरून काम करायचो. कोरोनाची साथ संपल्यावर बाकी सगळ्यांना परत बोलावलं होतं, मला तेवढी सूट होती. ती देताना आमच्या मॅनेजरने स्पष्ट सांगितलं होतं, "सर, काम अडत नाही तोवर माझी हरकत नाही. अडलं की मला वर उत्तर द्यावं लागेल." तो माझ्याहून बराच लहान आहे. तो मला सर म्हणतो, मी त्याला सर म्हणतो.

सूट मागितली होती आबांसाठी. आबा म्हणजे माझे वडील. त्यांनी सगळी नोकरी रेल्वेच्या गँगमध्ये, घाटात काढली. रूळ चालत जायचं, रूळ धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या सैल झाल्या की ठोकून बसवायच्या, पावसाळ्यात दरडीकडे नजर ठेवायची. आता त्यांना सकाळी काय खाल्लं ते दुपारी सांगता येत नाही. माझं नाव कधी येतं, कधी येत नाही. ड्युटी मात्र रोज आठवते.

बायको लोणावळ्याच्या शाळेत शिकवते, मुलगी पुण्यात हॉस्टेलवर. त्यामुळे दिवसा घरात आबा आणि मी दोघंच. मी कारखान्यात जायचो त्या दोन दिवशी शेजारच्या मावशी येऊन बसायच्या. त्याहून जास्त त्यांच्याकडे मागणं बरं दिसलं नसतं, त्यांचीही शेतं होती. घरून काम बंद झालं तर आबांना परंदवडीला ताईकडे ठेवण्यावाचून मार्ग नव्हता. ताई माझी मोठी बहीण. बोलवायची ती मनापासून. पण मागे एकदा त्यांना तिथे ठेवलं होतं तेव्हा ते पिशवी मांडीवर घेऊन दाराशीच बसून राहिले. येईल-जाईल त्याला विचारायचे, "आमची गाडी गेली का वो?" ताटावरून अर्ध्यात उठायचे. परत आणलं तेव्हा सदरा खांद्यावरून उतरत होता. ते पुन्हा होऊ द्यायचं नाही, एवढंच मी ठरवलं होतं, आणि ते सगळं त्या लॅपटॉपवर अडलं होतं.

उन्हाळ्यात आबा एकदा न सांगता बाहेर पडले. मी आतल्या खोलीत दार लावून, कानाला हेडफोन लावून बोलत बसलो होतो. एका रिक्षावाल्याने त्यांना मोठ्या रस्त्यावरून उचलून घरी आणलं.

"भाऊ, म्हातारबा पार मधनं चालले होते," तो म्हणाला. "गाड्या हॉर्न देतायत, ह्यांना पत्ताच न्हाई. खाली बघून एकसारखी पावलं टाकतायत, रुळाच्या स्लीपरवरनं चालल्यासारखी."

दुसऱ्याच दिवशी मी ओट्यावर कॅमेरा बसवला. त्याचं रेकॉर्डिंग साठवायला वेगळा डबा मिळतो, तो घेतला नाही. माझा लॅपटॉप तसाही दिवसभर चालू असतो, त्याच्यावरच कॅमेऱ्याचा प्रोग्राम टाकला की भागत होतं. समोर काही हललं की प्रोग्रामने तेवढा तुकडा टिपून ठेवायचा आणि माझ्या फोनवर सूचना पाठवायची. उन्हाळाभर ते सुरळीत चाललं. पायरीपाशी कुत्रं आलं, दूधवाला आला, आबा खुर्चीतून उठले, की फोन वाजायचा. हळूहळू असा काही प्रोग्राम आपण टाकलाय हेच माझ्या डोक्यातून गेलं.

पाऊस धरला आणि काही दिवसांत लॅपटॉप बिघडला. सकाळी चालू केला की थोड्याच वेळात पंखा वेग घ्यायचा. आकड्यांचा तक्ता उघडायला जेवढा वेळ लागे तेवढ्यात चहा करून आणता यायचा. खालून तो इतका तापायचा की मांडीवर ठेवणं सोडाच, टेबलावरचं प्लॅस्टिकही वाकलं.

आमच्याकडे पावसाळ्यात काहीही बिघडलं की निदान एकच असतं: दमट. मीठ पाझरतं, काडी ओढली तरी पेटत नाही, चपलांवर बुरशी चढते, दारं फुगून चौकटीत बसत नाहीत. कपड्यांच्या कपाटात आम्ही तळाशी एक विजेचा दिवा लावून ठेवतो, त्याच्या उबेवर साड्या आणि कोट टिकतात. लॅपटॉपच्या बाबतीत मलाही दुसरं काही सुचलं नाही. त्यात एक पुरावाही होता. ज्या दोन दिवशी मी त्याला घेऊन कारखान्यात जायचो तेव्हा तो अगदी गप्प असायचा. तिकडे पाऊस कमी, हवा कोरडी. घरी आणला की पुन्हा गिरणी. मला ते पटलं. संध्याकाळी काम संपलं की मी त्याला कपाटात, दिव्याच्या वरच्या फळीवर ठेवायला लागलो.

बायकोने कपाट उघडलं आणि तशीच उभी राहिली.

"अहो, माझ्या पैठणीच्या मांडीवर काय बसवलंय हे?"

"दमट झालाय तो."

"म्हणजे दिवसभर तापतो म्हणून तक्रार, आणि रात्री शेकायला ठेवायचा?"

मी तरीही ठेवत राहिलो.

मग बाजारातल्या दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने खालचं झाकण काढलं, पंख्यातला कापसासारखा कचरा उपसला, प्रोसेसरवरचा वाळलेला लेप खरवडून नवा लावला. "दमट हवा, साहेब," तोही म्हणाला. "इथं सगळ्यांचंच हे." नेमकं त्या दिवशी दुपारी उघडलं होतं. ऊन पडलं, समोरचा डोंगर स्वच्छ दिसायला लागला, आणि घरी आणलेला लॅपटॉप संध्याकाळपर्यंत हूं की चूं न करता चालला. बायको शाळेतून आल्याबरोबर मी तिला सांगितलं की झालं काम. दुसऱ्या दिवशी सकाळी खोऱ्यातून धुकं वर आलं, ओट्यासमोरची आंब्याची झाडं दिसेनाशी झाली, आणि चहा संपायच्या आत पंखा सुरू झाला.

त्याच आठवड्यात खरी अडचण झाली. दुपारच्या आढाव्याच्या कॉलमध्ये तक्ता गोठला. मी बंद करून पुन्हा सुरू केला, तो पुन्हा गोठला. योजना कारखान्याच्या फ्लोअरवर पोचली तोवर उशीर झाला होता आणि माल भरायला आलेला ट्रक फाटकाबाहेर उभा राहिला. मॅनेजरने नंतर वेगळा फोन केला. चिडला नव्हता. चिडला असता तर बरं झालं असतं.

"सर, सोमवारपासून इकडेच या. लॅपटॉप ठीक होईपर्यंत, असं म्हणू आपण."

"आणि ठीक झाल्यावर?"

"तेव्हा बघू ना सर."

या 'बघू'चा अर्थ मला कळत होता. रविवारपर्यंत ठीक झाला तर घरूनच, एवढी मुदत मी मागितली. त्याने दिली.

ताईचा फोन त्याच संध्याकाळी आला. बायकोने तिला सांगितलं असावं.

"तू उगं हट्ट करतुयास," ती म्हणाली. "आबांना हिकडं आणून सोड. हितं धुकं न्हाई, तो वरचा रस्ता न्हाई. घरात माणसं हायेत चार."

"तुझ्याकडं जेवत नाहीत ताई ते."

"आरं, मंग तुज्याकडं तरी लय जेवत्यात का?"

ते खरं होतं. मग तीच म्हणाली, "तुजी तब्येत बगितलीस का आरशात? आवाज कसला येतोय बग तुजा." मी म्हटलं, तो लॅपटॉपचा आहे. ती हसली, पण फोन ठेवताना पुन्हा म्हणाली, आणून सोड.

कारखान्यात मशीन बिघडलं की आमची एक पद्धत आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मग थांबून पाहायचं. चार गोष्टी एकदम बदलल्या तर दोष जातोही, पण कशामुळे गेला ते कळत नाही. दमटपणाच्या नादात मी ही साधी पद्धत घरी वापरलीच नव्हती. शनिवारी सकाळी वापरायला बसलो. व्हायरस तपासणारा प्रोग्राम थांबवला. फरक नाही. इंटरनेटची सगळी पानं बंद केली. फरक नाही. कंपनीच्या फायली आपोआप वर चढवणारा प्रोग्राम थांबवला, अपडेट थांबवले, तरी प्रोसेसरचा आकडा सत्त्याण्णव टक्क्यांच्या खाली येईना. मग टास्क मॅनेजरमध्ये कोण किती प्रोसेसर खातोय त्या क्रमाने यादी लावली. सगळ्यात वर एक लांबलचक इंग्रजी अक्षरांचं नाव होतं. ते मी आधीही पाहिलं होतं आणि लॅपटॉपच्या आतलंच काहीतरी असेल म्हणून सोडून दिलं होतं. एकट्यानेच चौऱ्याऐंशी टक्के घेतले होते.

मी तो बंद केला. पंख्याचा आवाज उतरत उतरत थांबला. इतके दिवस त्या आवाजाच्या खाली बाकीचे आवाज गेले होते, ते वर आले. पागोळ्या ऐकू आल्या. बाहेरच्या खोलीत आबा खोकले, तेही ऐकू आलं.

थोड्या वेळाने तो आपोआप पुन्हा सुरू झाला.

हा कोण आणि राहतो कुठे, ते पाहावं म्हणून मी त्याची जागा उघडली. एक फोल्डर उघडलं, त्यात आणखी फोल्डर, आणि त्यात व्हिडिओचे तुकडे. यादी खाली सरकवत राहिलो तरी संपेना. एक तुकडा उघडला. पांढरं काहीतरी डावीकडून उजवीकडे सरकत होतं. मध्येच ओट्याचा खांब दिसला, पुन्हा झाकला गेला. दुसरा उघडला, तोही तसाच. तिसराही. तेव्हा लक्षात आलं, हा आपलाच कॅमेरा.

खोऱ्यातलं धुकं आमच्या ओट्यावरून वाहत जातं. कॅमेऱ्याला वाटायचं कोणीतरी आलं. तो टिपायचा, प्रोग्राम ते चित्र आधीच्या चित्राशी ताडून पाहायचा, साठवायचा, फोनवर सूचना पाठवायचा, तोवर धुक्याचा पुढचा लोट आलेला असायचा. कारखान्यात गेल्यावर लॅपटॉपला कॅमेरा सापडत नसे, म्हणून तो तिथे गप्प. ऊन पडलं की गप्प. पावसाळा त्याला लागला होता, पण दमट हवेतून नव्हे.

सूचनांचं काय झालं, हा प्रश्न मला त्यानंतर पडला. फोन पाहिला. पावसाच्या सुरुवातीला फोन सारखा वाजायला लागला होता, कॉलमध्ये व्यत्यय यायचा, म्हणून मीच एक दिवस त्या सूचनांचा आवाज बंद केला होता. कशाच्या सूचना आहेत ते न पाहता. म्हणजे तेव्हापासून लॅपटॉप दिवसभर पहारा देत होता आणि तो काय सांगतोय ते कोणीही पाहत नव्हतं.

मी तुकडे पाहत गेलो. धुकं, धुकं, मांजर, धुकं. मग एकात आबा. डोक्यावर टोपी, हातात रिकामी डब्याची पिशवी. पायऱ्या उतरले, शेवटच्या पायरीवर थांबले, मान वळवून एकदा डावीकडे पाहिलं, एकदा उजवीकडे, आणि परत वर आले. दुसऱ्या एका दिवशी तसंच. मग एक तुकडा असा होता की त्यात ते शेवटच्या पायरीवर थांबले नाहीत. खाली उतरले आणि चित्राच्या बाहेर गेले. त्याच्या पुढच्या सगळ्या तुकड्यांत नुसतं धुकं होतं. बरेच उघडले. शेवटी एकात ते परत येताना दिसले, धोतर गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेलं.

तो दिवस मला आठवला. धोतर बदलताना मी त्यांना म्हटलं होतं, अंगणात कशाला गेलात.

बायको स्वयंपाकघरातून हात पुसत आली. मी तिला ते तुकडे दाखवले. तिने उभ्यानेच पाहिले.

"आले ना परत?" ती म्हणाली.

"आले."

"आपल्यापैकी कोणी घरात होतं?"

"मी होतो."

ती शेजारच्या खुर्चीवर बसली. पंखा घोंगावत होता, तो बंद करावा असं दोघांनाही वाटलं नाही.

प्रोग्राम काढून टाकणं अगदी सोपं होतं. काढला असता तर सोमवारी मी मॅनेजरला सांगू शकलो असतो की दोष सापडला आणि गेला. पण आबा घरात राहावेत म्हणून तर लॅपटॉप सुधारायचा होता, आणि लॅपटॉप सुधारायला आबांवरची नजर काढायची, हा हिशोब काही बसत नव्हता. मी सेटिंग उघडली. हालचाल किती बारीक धरायची ते कमीजास्त करता येतं. ते कमी कमी करत आणलं, तसा धुक्याचा लोट तो सोडून द्यायला लागला. प्रोसेसर वीस टक्क्यांवर आला. मी खूश झालो.

"थांबा, मी जाऊन येते," बायको म्हणाली. निळा रेनकोट घालून ती पायऱ्या उतरली, चढली. फोन वाजला. मग आम्ही आबांना उठवलं आणि मी त्यांना हाताला धरून खाली नेऊन आणलं. फोन वाजला. मी हात सोडला आणि त्यांना एकट्याला जाऊ दिलं. फोन गप्प.

पुन्हा पाहिलं, पुन्हा गप्प. आबांचा सदरा पांढरा, धोतर पांढरं, टोपी पांढरी. धुकं सोडून द्यायला शिकवलं तसे त्या प्रोग्रामने आबाही सोडून दिले होते.

"मग रंगीत घालू या त्यांना काहीतरी," बायको म्हणाली आणि त्या दिव्याच्या कपाटातून मुलीचा लाल स्वेटर काढून आणला. "आबा, गारठा आहे. हा घाला बरं."

आबांनी तो लांब धरून पाहिला.

"ह्यो कसला रंग?"

"छान आहे की. उठून दिसाल."

"मी काय सिग्नल हाय व्हय, लाल व्हऊन हुबा ऱ्हायला?"

आम्ही दोघंही हसलो, कितीतरी दिवसांनी. त्यांनी स्वेटर घडी घालून तिच्या हातात परत दिला आणि तो विषय तिथे संपला.

नारिंगी जाकिटाचं मला रविवारी सुचलं. कारखान्याच्या फ्लोअरवर जाताना घालायचं एक जाकीट माझ्याकडे होतं, त्यावर उजेडात चमकणारे पट्टे असतात. गँगची माणसं आता तसलीच घालून रुळावर काम करतात. मी ते आबांसमोर नुसतं धरलं. त्यांनी काही न विचारता हात पुढे केले, घातलं, पट्टा ओढून पाहिला, खिसा चाचपला. "ह्ये ठीक हाय," म्हणाले. ते पायऱ्या उतरले आणि फोन वाजला. चढले आणि वाजला. मधल्या वेळात धुक्याचे लोट येत होते, फोन गप्प होता. प्रोसेसर बावीस टक्के. मी सूचनांचा आवाज पुन्हा चालू केला. मॅनेजरला निरोप पाठवला: दोष सापडला, लॅपटॉप ठीक आहे, सोमवारी घरूनच आढाव्याला बसतो.

सोमवारी कॉलमध्ये माझा आवाज स्वच्छ गेला. "भाऊ, गिरणी विकली का?" कोणीतरी विचारलं. मी आठवड्याची योजना वाचायला लागलो आणि अर्ध्यातच फोन वाजला. चित्रात आबा होते. जाकीट, टोपी, हातात पिशवी. शेवटच्या पायरीवर ते थांबले नाहीत, डावी-उजवीकडे पाहिलंही नाही. जाकीट घातल्यावर ते आता ड्युटीवर होते, आणि ड्युटीवरचा माणूस पायरीवर कशाला थांबेल. हे आधीच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

मी "एक मिनिट" म्हणालो आणि हेडफोन टेबलावर टाकून बाहेर पडलो.

नारिंगी रंग धुक्यात दुरून दिसत होता, तेवढं बरं. ते भराभर चालले होते, घरात भिंत धरून चालणारा माणूस. वळणापाशी मी त्यांना गाठलं.

"आबा, कुटं निघालाव?"

"पाळीला."

"आज सुट्टी हाय."

"पावसाळ्यात कसली सुट्टी?" त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "दरड काय सुट्टी बगून पडती व्हय?"

ओढून आणायची माझ्यात ताकद नव्हती आणि इच्छाही नव्हती. मी बरोबर चालत राहिलो. मोठ्या रस्त्याकडे वळायच्या ऐवजी त्यांना शेताच्या कडेने बांधावर घेतलं, त्यांनी हरकत घेतली नाही. बांधाच्या टोकाशी थोडा उंचवटा आहे. तिथून रूळ दिसत नाहीत, पण गाडी ऐकू येते. आम्ही तिथे उभे राहिलो. खालून गाडीचा आवाज आला तसे आबा एक पाऊल मागे सरले, मलाही हाताने मागे सारलं आणि गाडी जाईपर्यंत ताठ उभे राहिले. मग पिशवी काखेत मारली आणि म्हणाले, "चल." परत घराकडे. दाराशी आल्यावर त्यांनी स्वतः जाकीट काढून खुंटीला लावलं, जेवायला मागितलं आणि ताट पूर्ण संपवलं.

लॅपटॉप टेबलावर शांत पडला होता. कॉल केव्हाच संपला होता. मॅनेजरचे दोन फोन येऊन गेले होते.

मी त्याला फोन केला आणि सगळं सांगितलं. धुकं, कॅमेरा, जाकीट, बांध. मध्ये कुठेही त्याने अडवलं नाही.

"सर, मला तो पंखा चालला असता," शेवटी तो म्हणाला. "हे मी वर काय म्हणून सांगू?"

"खरं आहे तेच सांगा. दुपारी तासभर मी जागेवर नसणार. रोज."

"रोज?"

"रोज. त्या तासाची भरपाई मी सकाळी लवकर बसून करतो. योजना तुम्हाला आढाव्याच्या आधी मिळेल, आढावा सकाळी घ्या. जमत नसेल तर आत्ताच सांगा, म्हणजे मी बहिणीला कळवतो."

मी हे जरा कोरडेपणानेच बोललो. विनवणी करायला लागणारा उत्साह माझ्याकडे उरला नव्हता. पलीकडे फ्लोअरवरचा प्रेस ऐकू येत होता.

"सकाळी बाकीचे कुरकुर करतील," तो म्हणाला. "दिवाळीपर्यंत करून बघू. पण सर, ट्रक परत थांबला तर मी काही करू शकणार नाही."

"नाही थांबणार," मी म्हणालो. ते माझ्या हातात पूर्णपणे नाही हे त्यालाही माहीत होतं.

ताईला फोन करून सांगितलं की आबा दिवाळीपर्यंत इथेच. ती म्हणाली, "आन् दिवाळीनंतर?" मी म्हटलं, माहीत नाही. तिने त्यावर वाद घातला नाही. बायकोला सांगितलं तेव्हा ती वह्या तपासत होती. तिने मान हलवली आणि पुढची वही ओढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आढावा झाला. थोडी कुरकुरही झाली. दुपारी फोन वाजायच्या आधीच मी लॅपटॉप मिटून बाहेर आलो. आबा जाकीट घालून ओट्यावर उभे होते. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. ओळख नव्हती, पण नजर चांगली होती.

"नवा हायेस?"

"व्हय," मी म्हणालो.

"चपल्या चालायच्या न्हाईत तितं. बूट घालून ये. आन् माज्या मागं मागं ऱ्हा, गाडी आली की मी सांगतो."

मी आत जाऊन बूट घालून आलो.